आठ क्वार्टर आणि एक खिल्लारे

सरकारी कॉलनीतली माणसं तीन-चार वर्षांनी बदलून जातात, किस्से मात्र तिथंच राहतात. नवा माणूस ट्रकमधून सामान उतरवून हातपाय धुतो न धुतो, तोच कुणीतरी त्याला चहाला बोलावतं आणि सांगायला लागतं. असे साठत गेलेले किस्से आमच्या कॉलनीत पुष्कळ होते आणि त्यातले निम्मे माझे होते. अडचण एवढीच, की ते सांगितले जायचे तेव्हा मी तिथं नसायचो. मी आलो की विषय बदलायचा.

आता ते सांगणारे रिटायर झाले, काही तर गेलेसुद्धा. म्हणून म्हटलं, आपले किस्से आपणच सांगावेत. निदान त्यात भर तरी पडणार नाही.

तर ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. कालव्याच्या कामासाठी औंढ्यापासून थोड्या अंतरावर खात्यानं कॅम्प टाकलेला. एका रांगेत आठ क्वार्टर, समोर पत्र्याचं लांबट ऑफिस, मधे एक हापसा आणि चहूबाजूंनी ज्वारी. मी वसंत खिल्लारे, तिथला ट्रेसर. म्हणजे इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे तलम ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईनं उतरवायचं काम. ऑफिसचे हेडक्लार्क देशमुख, त्यांना सगळे बडेबाबू म्हणायचे. ओव्हरसियर काझी, माझ्याच वयाचे आणि शेजारच्या क्वार्टरमधले. शिपाई गोपा राठोड, जवळच्या तांड्यावरचा. आणि साहेब, म्हणजे डेप्युटी इंजिनिअर. एवढी माणसं लक्षात ठेवली तरी पुरे.

माझा आजार असा, की मधूनच काही आठवडे मन फार वर जायचं. झोप लागायची नाही, भूक लागायची नाही आणि जगातलं सगळं सोपं वाटायचं. मग ते खाली यायचं, आणि इतकं खाली, की सकाळी पायात चप्पल घालणंसुद्धा जमायचं नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला नाव आहे. कॉलनीतही नाव होतं. ते दोन अक्षरी होतं.

* * *

पहिला किस्सा कालव्याचा. हा सगळ्यांना पाठ होता.

एका उन्हाळ्यात माझं मन असंच वर गेलं. महिनाभराचं ट्रेसिंग मी चार दिवसांत संपवलं. साहेब खूश झाले, बडेबाबूंनीसुद्धा मान डोलावली. मला वाटलं, एवढं झालंच आहे तर थांबायचं कशाला? मुख्य कालव्यापासून एक फाटा काढून मी तो सरळ कळमनुरीच्या पुढं, आमच्या गावापर्यंत नेला. आमच्या गावच्या विहिरी फाल्गुनातच आटायच्या. वाटेत गोपाचा तांडा लागत नव्हता, तरी वळसा घालून तिकडंही पाण्याची एक छोटी चारी दिली. पूल दाखवले, मोऱ्या दाखवल्या, उतार लिहिले. खाली सुबक अक्षरांत 'मंजूर' असंही लिहिलं.

तो नकाशा मीटिंगमध्ये वरच्या साहेबांपुढं उलगडला गेला.

आमच्या साहेबांनी मला आत बोलावलं. "खिल्लारे, हा फाटा कुणी मंजूर केला?"

"मी केला, साहेब."

"तुमचं गाव धरणाच्या पातळीच्या किती वर आहे, माहीत आहे ना? उंचीच्या रेषा तुम्हीच काढल्यात."

"माहीत आहे साहेब."

"मग तिथं पाणी चढेल कसं?"

"चढतं साहेब. नीट सांगितलं की चढतं."

हे मी चेष्टेनं म्हटलं नव्हतं. त्या क्षणी मला ते खरोखर दिसत होतं, चढावर जाणारं पाणी आणि हंडे घेऊन उभी असलेली माझी आई. पण खोलीतल्या कुणाला तरी हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ आला आणि मला लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं मी तीन महिने होतो. शॉक दिले, गोळ्या दिल्या. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, कारण मला फारसं आठवतच नाही.

पुढं कितीतरी वर्षं हापशाला पाणी यायला उशीर लागला की कुणीतरी म्हणायचंच, "खिल्लारेला बोलवा, तो सांगंल पाण्याला."

फक्त गोपानं एकदा मला वेगळं काढून विचारलं, "साहेब, तो नकाशा फाडून टाकला का वो?"

"व्हय. काहून?"

"काई न्हाई. आमचा तांडा व्हता त्याच्यात. सरकारी कागदावर पह्यल्यांदाच आलता."

* * *

दवाखान्यातून सुटल्यावर मी आधी गावी गेलो.

आमच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढं ती ठेवून सगळ्यांनी वंदना घेतली होती. त्यामुळं मी आजारी पडलो तो एकटा पडलोच नाही, अख्खी वस्ती पडली. भाऊ शाळेत मास्तर. तो मला चिडून बोलला नाही, उलट फार मायेनं बोलला, आणि तेच जास्त लागलं.

"वसंता, लोक म्हणतेत, शिकलं की येडं व्हतंय. आता कुणी लेकराला शाळेत घालायच्या आधी तुझं नाव काढंल. म्हणून मी एक केलंय. तू ट्रेनिंगला गेलता म्हणून सांगितलंय. तू बी तेच सांग."

"कसलं ट्रेनिंग?"

"खात्याचं. मोठं. तीन महिन्याचं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग दोन दिवस लोक भेटायला येत राहिले. चेहरा उतरलेला, बोलणं जड, हात थरथरायचा. लोक म्हणायचे, ट्रेनिंग लई कडक दिसतंय. मी म्हणायचो, हो, कडक होतं.

तिसऱ्या दिवशी किसनबाबा आले. वस्तीतले सगळ्यांत म्हातारे. शेजारी बसले, माझ्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, यांना कळलं. एवढं आयुष्य पाहिलेल्या माणसाला कसं नाही कळणार? आणि कळलं असेल तर बरंच झालं, असंही वाटलं. एका माणसाला तरी खरं माहीत असेल.

शेवटी बाबा हळू आवाजात म्हणाले, "वसंता, एक काम कर. आमच्या धाकट्याला बी त्या ट्रेनिंगला लावून दे. घरी बसून राहिलाय नुसता."

* * *

ऑफिसात परत रुजू झालो त्या दिवशी सगळे माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. जणू आजार कानाला झाला होता. "खिल्लारे. बसा. इथं. खुर्ची." मी खुर्चीवर बसलो. खुर्ची माझीच होती.

टेबलावर सगळं होतं, फक्त ब्लेड नव्हतं. आता ट्रेसरला ब्लेड लागतंच. शाईची रेघ चुकली की ती कापडावरून ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढावी लागते. मी गोपाला विचारलं. गोपा पायाकडं बघत म्हणाला, "बडेबाबूकडं हाये."

मी बडेबाबूंकडं गेलो. त्यांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं, "ब्लेड इथं माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. लागेल तेव्हा इथंच येऊन काम करा आणि परत द्या. तुमच्याच भल्यासाठी आहे."

तेव्हापासून एवढीशी रेघ चुकली, की मी अख्खा बोर्ड उचलून बडेबाबूंच्या टेबलापर्यंत जायचो. ते किल्ली काढायचे, ब्लेड द्यायचे आणि मी खरवडत असेपर्यंत माझ्या मनगटाकडं बघत बसायचे. बाहेरून कामासाठी आलेले शेतकरीही थांबून बघायचे. त्यांना वाटायचं, काहीतरी फार मोठं काम चाललंय.

त्यामुळं एक फायदा झाला. मी रेघा चुकवायचंच बंद केलं. त्या काळातले माझे नकाशे कुणीही काढून बघावेत, एक खरवड दिसणार नाही.

तीन वर्षं ते ब्लेड त्या ड्रॉवरमध्ये राहिलं. तीन वर्षांत त्यानं एकच माणूस कापला. एकदा बडेबाबू ड्रॉवरमध्ये न बघता रबरी शिक्का शोधत होते, आणि अंगठा चांगला खोल कापला. ऑफिसातली पट्टी आणि औषधाची डबी माझ्या टेबलामागच्या फळीवर असायची. ते अंगठा धरून माझ्यापुढं उभे राहिले. मी पट्टी बांधली.

"जास्त लागलं का?" मी विचारलं, सावकाश आणि मोठ्यानं.

* * *

खरा त्रास ब्लेडचा नव्हता. खरा त्रास हसण्याचा होता.

काझींना नकला फार छान यायच्या. एकदा त्यांनी वरच्या साहेबांची नक्कल केली आणि मी पोट धरून हसलो. हसता हसता लक्षात आलं, की बाकीचे थांबलेत आणि माझ्याकडं बघतायत. संध्याकाळी बायको कमल म्हणाली, "आज हापशावर तीन बायांनी इचारलं मला. आज तुमचे मालक जरा जास्त हसले म्हणं. गोळी घेतली का सकाळी?"

मग मी हसणं कमी केलं. तर आठवड्यानं पुन्हा विचारणा झाली, गप्प गप्प असतात, पुन्हा सुरू झालं का? माणसाला दिवसातून चार वेळा बरं वाटतं आणि चार वेळा वाईट वाटतं. माझ्या वाट्याचं ते बंद झालं होतं. मला कायम मधोमध उभं राहायचं होतं. कुणी मेल्याचं कळलं तरी बेतानं वाईट वाटून घ्यायचं, पगारवाढ झाली तरी बेतानं आनंद.

संध्याकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात कॅरम चालायचा. मला त्यात घ्यायचे, नाही म्हणायचे नाहीत. पण मी खेळायला बसलो की मीच जिंकायचो. आधी बरं वाटलं. पण एवढ्या मोठ्या आजारातून उठून माझा नेम इतका कसा सुधारला? मग एक दिवस काझींनी तोंडाशी आलेली सोंगटी मुद्दाम सोडलेली मी पाहिली. हरलो तर मी चिडेन, चिडलो तर काय होईल, याची त्यांना भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज हरायचंच. मीही तोंडाशी आलेली सोंगटी सोडली. काझींनी सोडली. मी पुन्हा सोडली. राणी मधोमध तशीच. तासभर आम्ही दोघं जीव तोडून नेम चुकवत होतो. बघणारे एकेक करून उठून गेले. दिवेलागणीला बोर्डावर जवळजवळ सगळ्या सोंगट्या शिल्लक होत्या.

शेवटी काझींनी स्ट्रायकर खाली ठेवला. "खिल्लारे भाई," ते म्हणाले, "ये आपुन क्या खेल रहे?"

त्यांनी सोंगट्या डबीत भरल्या. त्यानंतर काझी मला कॅरमला बोलवायचे नाहीत. मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटला. पण पुढच्या संध्याकाळी घरात बसून व्हरांड्यातला सोंगट्यांचा आवाज ऐकताना वाटलं, थोडं खोटं चाललं असतं.

* * *

हा किस्सा कॉलनीत कधी सांगितला गेला नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. पण कमलचं एक वाक्य त्यात आहे, म्हणून सांगतो.

आम्हाला मुलगी झाली. नाव ठेवण्याच्या दिवशी कमलनं बाकीच्या सातही घरांना सांगितलं. स्वतः दारोदार जाऊन, बाळाला पदरात घेऊन. सगळ्या हो म्हणाल्या. सकाळपासून तिनं रव्याचा शिरा केला, शेजारून दोन मोठी भांडी आणली, बाहेर सतरंजी टाकली. मी पाळण्याला फुगे बांधले. चार वाजता यायचं ठरलं होतं.

चार वाजले, पाच वाजले. पलीकडच्या क्वार्टरची खिडकी हलली, पण दार उघडलं नाही. काझींच्या बायकोनं मुलाच्या हातून एक झबलं पाठवलं, स्वतः आली नाही. साडेपाचला गोपाची बायको आली, तांड्यावरून चालत, दोन लेकरांना घेऊन. तिनं पाळणा हलवला, बंजारा बोलीतलं एक गाणं म्हटलं, शिरा खाल्ला, आणखी मागून घेतला. तेवढीच आमची पाहुणी. मुलीचं नाव सुजाता ठेवलं.

संध्याकाळी कमल उरलेल्या शिऱ्याकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "जाऊ दे."

ती म्हणाली, "मला राग न्हाई आला वो. पण एक कळाया पायजे व्हतं. आपुन खिल्लारे हाओत म्हणून आल्या न्हाईत, का तुमी आजारी हाव म्हणून आल्या न्हाईत? आधी तरी ठावं असायचं, काहून येत न्हाईत ते. आता ते बी कळंना."

आम्ही दोघांनी बसून सात घरांचा शिरा दोन दिवस खाल्ला.

* * *

गोपाचं नाव निघालंय तर तेही सांगतो.

एका हिवाळ्यात मन खाली गेलं. मी कामावर जायचो, बोर्डापुढं बसायचो, पेन शाईत बुडवायचो आणि शाई टोकावर सुकेपर्यंत बघत राहायचो. संध्याकाळी कालव्याच्या काठानं चालत जायचो. शिरड शहापूरच्या बाजूला एक मोरी होती, तिच्या कठड्यावर बसायचो. पाटाला तेव्हा भरपूर पाणी होतं.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, की गोपा मागं मागं येतोय. मी चाललो की तो चालायचा, थांबलो की थांबायचा. मी कठड्यावर बसलो की तो वीस पावलांवर बाभळीखाली उकिडवा बसायचा आणि उगाच काड्या मोडायचा. त्याची ड्युटी पाचला संपायची, तांड्यावर घर, घरी लेकरं, आणि हा अंधार पडेपर्यंत माझ्या मागं.

एक दिवस मी हाक मारली. "गोपा, इकडं ये. काहून माझ्या मागं मागं येऊन राहिला?"

तो जवळ आला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "बडेबाबूनं सांगितलंय. तुमच्यावर ध्यान ठेव म्हणले. तुमी पाण्यात उडी मारताल म्हणून."

मी पाण्याकडं बघितलं. खरं सांगतो, तसा विचार माझ्या मनात येऊन गेला नव्हता असं नाही. पण तो असा दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या साध्या शब्दांत ऐकला, आणि लाज वाटली. मी म्हटलं, "मला पोहता येतं गोपा."

गोपाचा चेहरा आणखीच पडला.

"मला न्हाई येत साहेब," तो म्हणाला. "त्याच्यामुळंच तं भ्या वाटून राहिलं. तुमी उडी मारली तं मला बी मारावं लागंल. सरकारी हुकूम हाये. तुमी निंगून येताल, मी जाईन मरून."

मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो, आणि मोठ्यानं हसलो, आणि तिथं मला कुणी गोळी घेतली का म्हणून विचारलं नाही. गोपाही हसायला लागला, पण त्याला कशाचं हसू येतंय ते माहीत नव्हतं.

"मंग न्हाई ना मारणार?" त्यानं विचारलं.

"आज न्हाई," मी म्हटलं.

"उद्या बी सांगा बरं का आदुगर," तो म्हणाला. "म्हंजे मी घरी सांगून येतो."

दुसऱ्या दिवसापासून तो वीस पावलांवर बसायचा नाही, कठड्यावर माझ्या शेजारी बसायचा. बोलायचं असं काही नसायचं. तो तंबाखू मळायचा, मी पाणी बघायचो. थंडी सरता सरता माझं मन हळूहळू जागेवर आलं. गोळ्यांनी आलं असेल. डॉक्टर तसंच म्हणाले.

* * *

आता शेवटचा. हा मी आजवर कुणालाच सांगितला नाही. कमललासुद्धा अर्धाच सांगितला होता.

दर दोन महिन्यांनी मला औरंगाबादला डॉक्टरांकडं जावं लागायचं. औंढ्याहून पहिली गाडी पकडायची, जिंतूर, जालना करत दुपारच्या आत पोचायचं आणि परतीच्या गाडीनं संध्याकाळपर्यंत घरी. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागे. दवाखाना लिहिलं की आठ क्वार्टरांत बातमी व्हायची, म्हणून मी लिहायचो, 'नातेवाइकाचे लग्न'. बडेबाबू अर्ज वाचायचे, सही करायचे, काही विचारायचे नाहीत.

डॉक्टरांचा दवाखाना एका बोळात, माडीवर. पाटीवर नुसतं नाव आणि डिग्री, कशाचे डॉक्टर ते लिहिलेलं नव्हतं. आत दोन लांब बाकं. तिथं एक गंमत असायची. बाकावर दहा माणसं बसलेली असली तरी प्रत्येक जण एकटाच आलेला असल्यासारखा बसायचा. कुणी भिंतीकडं तोंड करून, कुणी पदर ओढून, कुणी रुमाल तोंडाशी धरून. कुणी कुणाला गाव विचारायचं नाही. एरवी आपल्याकडं दोन माणसं पाच मिनिटं शेजारी बसली तरी गाव विचारतात.

त्या दिवशी मी आत गेलो, नाव सांगितलं आणि बाकावर बसलो. समोरच्या बाकावर कोपऱ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. बोट लावण्याची ती रीत मी रोज आठ तास बघत होतो. मग बूट बघितले, मग छत्री. बडेबाबू होते, आदल्या दिवशीच रजेवर गेलेले.

त्यांनीही मला पाहिलं होतं, कारण ते पान उलटल्यानंतर वर्तमानपत्र आणखी वर गेलं आणि पुन्हा हललं नाही.

कंपाउंडरनं दार उघडून हाक दिली, "देशमुख."

कुणी उठलं नाही.

"देशमुख आहेत का?"

वर्तमानपत्र तसंच. माझ्या लक्षात आलं, मी इथं बसलोय तोवर हे उठणार नाहीत. नंबर गेला तरी उठणार नाहीत. तसेच परत जातील आणि पुन्हा येणार नाहीत. मी उठलो, कंपाउंडरला म्हटलं, "जरा चहा पिऊन येतो," आणि जिना उतरून बोळात आलो. चहाच्या टपरीवर पाठमोरा उभा राहिलो. एक चहा प्यालो, दुसरा प्यालो. बराच वेळ जिन्याकडं बघितलं नाही. वर गेलो तेव्हा कोपऱ्यातली जागा रिकामी होती आणि माझा नंबर निघून गेला होता. सगळ्यांच्या शेवटी मला आत घेतलं.

पळत पळत स्टँडवर आलो. गाडी सुटायला आली होती आणि गच्च भरलेली. एकच जागा रिकामी होती. खिडकीशी बडेबाबू बसले होते आणि शेजारची जागा मोकळी होती. मी बसलो. त्यांनी छत्री थोडी आवरून घेतली.

जालना गेलं. मंठा गेलं. जिंतूरला गाडी थांबली तेव्हा बडेबाबू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लग्नाला आलो होतो."

"मी पण," मी म्हटलं.

गाडी पुन्हा सुरू झाली.

"कुणाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"चुलत मेव्हण्याच्या मुलीचं. तुमच्याकडचं?"

"भाच्याचं."

"जेवण कसं होतं?"

बडेबाबूंनी थोडा विचार केला. "बरं होतं," ते म्हणाले. "कडू जरा जास्त."

मी मान हलवली. औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं तसे लोक सामान काढायला उभे राहिले. बडेबाबूंनी छत्री घेतली, उठले आणि पुन्हा खाली बसले.

"खिल्लारे," ते म्हणाले, "तुमच्याकडं पुढचं लग्न कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

"वार?"

"मंगळवार."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"आमच्याकडंही मंगळवारीच आहे," ते म्हणाले. "पहिल्या गाडीला गर्दी असते. माझ्यासाठी जागा धरून ठेवा."